मानमोडीच्या साली गेली

"आत्या, हे घंगाळ तर तूच मला मुंजीत दिलेलं!" भाचा माळ्यावरून ओरडला.

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर रिकामं करायचा तो तिसरा दिवस. खाली मी, भाऊ, वहिनी आणि तराजू घेऊन बसलेला भंगारवाला. भाच्याची मुंज १९९६ साली झाली हे खरं, पण मी त्याला मनगटी घड्याळ दिलं होतं. मला ते पक्कं आठवतं, कारण महिन्याभरात त्याने ते कमाटीबागेत हरवलं.

घंगाळ खाली आलं. पितळेचं, दोन कड्यांचं, काळंठिक्कर. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं: 'चि. बाळ यास जनोई प्रसंगे आत्या तरफथी. सं. १९९६.' भाच्याला घरात बाळच म्हणतात. आत्या मी. सालही बरोबर. सगळं जुळत होतं, फक्त मी ते दिलेलं नव्हतं.

लिपी गुजराती होती, डोक्यावर रेघ नसलेली. वाक्य अर्धं मराठी, अर्धं गुजराती. याचं बडोद्याच्या मराठी माणसाला काही वाटत नाही, आमच्या तोंडातही दिवसभर हीच भेळ असते. पण मुंजीला 'जनोई' म्हणणारं आमच्या घरात कुणीच नाही. मी पुन्हा वाचलं आणि मग त्या 'सं.' कडे लक्ष गेलं. सन नव्हे, संवत. गुजरातचा विक्रम संवत दिवाळीनंतर बदलतो. १९९६ चा संवत १९३९ च्या कार्तिकात सुरू झाला, म्हणजे त्यातला वैशाख १९४० च्या मे महिन्यातला. त्या वर्षी या घरात मुंजीच्या वयाचा एकच मुलगा होता, माझे थोरले काका. त्यांनाही घरात बाळच म्हणत. दर पिढीत एक बाळ असतोच.

भंगारवाल्याने तोवर वजन करून टाकलं होतं. मी म्हटलं, राहू दे.

आता अडचण अशी, की काकांना आत्या एकच. आजोबांची थोरली बहीण. आणि ती १९१८ साली मानमोडीत गेली, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मानमोडी म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला आलेली इन्फ्लुएन्झाची साथ. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, पोर मानमोडीत गेली, असं आजी सांगायची आणि पदराने डोळे नव्हे, चष्मा पुसायची. छापील कुलवृत्तांतातही आमच्या शाखेत पणजोबांच्या नावाखाली तसंच आहे: 'कन्या १, अल्पवयात निवर्तली.' गेलेल्या बाईने बावीस वर्षांनी भाच्याला साडेचार किलोचं घंगाळ पाठवलं होतं.

खरं तर घराण्याच्या इतिहासाच्या मागे मी लागले होते ते एका खलबत्त्यासाठी. त्याची गोष्ट आधी सांगते, कारण आमच्या घरात तिचाच मान मोठा.

बडोद्यात विषप्रयोगाची गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा जुना मराठी माणूस सापडणार नाही. ९ नोव्हेंबर १८७४ ची सकाळ. रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, कर्नल फेर फिरून आला. टेबलावर रोजच्यासारखा पपनसाच्या सरबताचा पेला ठेवलेला. त्याने दोन-तीन घोट घेतले, बरं वाटेना म्हणून उरलेलं खिडकीबाहेर फेकलं, तेव्हा पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरने तपासून सांगितलं: सोमल आणि हिऱ्याची पूड. संशय थेट मल्हारराव महाराजांवर. जानेवारीत महाराजांना अटक झाली, फेब्रुवारीत कमिशन बसलं. तीन इंग्रज आणि तीन आपले: ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांची बाजू मांडायला विलायतेहून बॅलंटाइन नावाचा नामांकित बॅरिस्टर आला. शेवटी मतं पडली तीन विरुद्ध तीन. इंग्रजांना गुन्हा दिसला, आपल्या तिघांना तो सिद्ध झालेला दिसला नाही. मग सरकारने विषाची बाब बाजूला ठेवून गैरकारभाराच्या नावाखाली महाराजांना गादीवरून उतरवलं आणि मद्रासला धाडलं. १८८२ साली ते तिथेच वारले.

आमचा खलबत्ता या गोष्टीत असा शिरतो: तो हिरा ज्या खलबत्त्यात कुटला तो आमच्या घरी आहे. कुटणारे आमचे खापरपणजोबा. कुणाच्या सांगण्यावरून, किती पैशांत, हे सांगणाऱ्यागणिक बदलायचं. काकांच्या तोंडी ती गोष्ट असली की खापरपणजोबांना आपण काय कुटतोय याचा पत्ताच नसे. वडिलांच्या तोंडी ते स्वाभिमानाने कुटायचे. दर दिवाळीला पाडव्याच्या फराळाआधी तो लोखंडी खलबत्ता पुसून पाटावर ठेवायचे आणि पाहुण्यांना दाखवायचे. एरवी त्यात लसणीची चटणी व्हायची. आई म्हणायची, तरीच आपल्या चटणीला चमक आहे.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी या खलबत्त्याचा निकाल लावायचं ठरवलं. घरात लाल खारव्यात बांधलेला कागदांचा एक रुमाल होता. सगळे कागद मोडी लिपीत. म्हणून मोडीच्या वर्गाला गेले. त्यात आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतात आणि मग त्या रेघांना अक्षरं लटकवत जातात, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. लेखणी उचलायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि दोन शब्दांत जागा सोडायची पद्धतही नाही. त्यामुळे आमच्या रुमालातल्या पहिल्या कागदावर मी 'दोन शेरडा' असं वाचलं आणि दोन दिवस खापरपणजोबांनी शेळ्या पाळल्या होत्या असं धरून चालले. मास्तरांनी पाहिलं आणि म्हणाले, "बाई, दोन शेर डाळ."

तो वाण्याचा हिशेब होता. दुसरा कागदही हिशेबच. तिसरा चाळीस रुपयांचा कर्जरोखा, बहिणीच्या लग्नासाठी काढलेला. हिऱ्याचा कुठे मागमूस नाही. जुन्या मोडी कागदांत सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. तो शिकल्यावर मी कौतुकाने सरबताचं साल त्यात मांडून पाहिलं: खमस सबैन मयातैन व अलफ. पाच, सत्तर, दोनशे आणि हजार, मिळून १२७५. त्यात ५९९ मिळवले की १८७४. इतकं भारदस्त साल आणि आमच्याकडे त्या सालाचा साधा वाण्याचा कागदही नाही!

उत्तर मिळालं ते त्र्यंबकेश्वरला. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळी असतात. आलेल्या यजमानाने आपलं आडनाव, मूळ गाव, बापाचं, आज्याचं, भावांचं, मुलांचं नाव सांगायचं आणि आमच्या वंशातला कुणी आला तर त्याने यांनाच मानावं असा लेख सहीनिशी लिहून द्यायचा. हरिद्वार, काशी, गयेलाही अशाच वह्या आहेत. आमच्या उपाध्यायांनी आडनाव आणि गाव विचारलं, आत गेले, आणि पंधरा मिनिटांत एक लांबट वही घेऊन आले. मी घरातल्या रुमालाशी वर्षभर झटत होते!

खापरपणजोबांच्या हातचा लेख होता. शके १७९८, म्हणजे १८७६. शेवटची ओळ माझी मीच वाचली, मास्तरांशिवाय: 'हल्ली बडोद्यास चाकरीस जाणे आहे.'

१८७६. म्हणजे सरबत प्यायलं गेलं, खटला झाला, मल्हारराव मद्रासला पोचले, आधीच्या महाराजांच्या राणी जमनाबाईंनी कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचं नाव सयाजीराव ठेवलं, दिवाण माधवरावांनी कारभार हातात घेतला, आणि हे सगळं आटोपल्यावर आमचे खापरपणजोबा नोकरी शोधत निघाले. नवा राजा बाराखडी गिरवत होता, नवी खाती निघत होती, अक्षर बरं असलेल्या माणसाला बडोद्यात जागा होती. हिरा कुटायला ते हजरच नव्हते.

हे मी घरी सांगितलं तेव्हा वडील हयात होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग खलबत्ता आधीपासून घरात असेल." खलबत्ता यंदाही पाटावर होता.

त्याच वहीत पुढे पणजोबांचा लेख होता, शके १८३३ चा, म्हणजे १९११. मुलांची नावं लिहिलेली. मग: 'कन्या १.' तेव्हा मी ते पान फोनवर टिपून घेतलं आणि पुढे गेले. खलबत्त्याच्या निकालाच्या आनंदात होते. ती 'कन्या १' माझ्या फोनमध्ये चार वर्षं पडून होती.

घंगाळ मी माझ्या घरी आणलं आणि चिंच-मीठ घेऊन बसले. अर्धा किलो चिंच गेली. काळा थर उतरत गेला तशी लेखाच्या खाली आणखी एक ओळ वर आली, बारीक ठिपक्यांची. पूर्ण नाव. तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, आमचं आडनाव.

आमच्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो. माझंही लिहिलं होतं, ते रेशनकार्डापुरतं टिकलं. आजीच्या पिढीत ते मरेपर्यंत टिकायचं, आणि त्यामुळे घराण्याचा शोध घेणाऱ्याची बाईपाशी वाट बुजते. सासरच्या वंशावळीत ती नव्या नावाने उगवते, माहेरच्या वंशावळीत जुन्या नावाने संपते, तीही नाव छापलं असेल तर. इथे १९४० साली, लग्न झालेल्या बाईचं नाव, माहेरचं, आडनावासकट. मी बराच वेळ नावाच्या आधीची जागा घासत राहिले. तिथे काहीतरी असणार, असायलाच हवं. सौ. नव्हतं. गं. भा. नव्हतं. श्रीमती नव्हतं, कुमारी नव्हतं. नुसतं नाव. घासून घासून पितळ लख्ख झालं, पण तिथे काही ठोकलेलंच नव्हतं.

घंगाळ उलटं केलं तर बुडाशी कासाराचा शिक्का: विसनगर. उत्तर गुजरातेतलं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव, तेव्हाच्या बडोदे राज्याच्या कडी ऊर्फ मेहसाणा प्रांतातलं.

काकू अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. ऐकू कमी येतं, पण आठवतं माझ्यापेक्षा जास्त. मी घंगाळ रिक्षात घालून त्यांच्याकडे गेले. त्यांनी काठावर बोट फिरवलं.

"कुठे मिळालं?"

"माळ्यावर. काकू, ही आजोबांची बहीण ना? ती तर मानमोडीत गेली."

"मानमोडीच्या साली गेली," काकू म्हणाल्या.

"तेच."

"तेच कसं? गेली म्हणजे सासरहून गेली. निघून आली."

मी बघतच राहिले. आजीने कधीच खोटं सांगितलं नव्हतं. ती 'गेली' म्हणायची आणि आम्ही समजायचं ते समजायचो. 'पोर' आणि 'मानमोडी' ही जोड अशी होती, की त्या दोन शब्दांत दुसरं कुणाला काही ऐकूच आलं नसतं. चष्मा पुसायची सवय तर तिला दिवसभराचीच होती.

"बस, शांतीथी सांगते," म्हणाल्या आणि सांगितलं. त्यांनाही सासूबाईंकडून म्हणजे माझ्या आजीकडूनच कळलेलं, तेही लग्नानंतर दहा वर्षांनी, तिळगूळ वळताना. सासर नवसारीकडचं. तिथे काय झालं ते आजीने सांगितलं नाही. साथ गावात आली, घरात तीन माणसं झोपली, आणि त्या गडबडीत तेरा वर्षांची ही मुलगी एकटी आगगाडीत बसून बडोद्याला आली. दारात उभी राहिली. पणजोबा चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत, पाचव्या दिवशी म्हणाले, शाळेत जा.

शाळा तिला नवी नव्हती. सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. पोर शाळेत नसली की बापाला दंड. पणजोबा सरकारी कारकून, दंड भरायची आणि तो भरलेला दिसायची त्यांची तयारी नसणार. दोन वर्षं आधी, १९०४ साली, बालविवाहाविरुद्धचा निबंध आला होता. बडोद्यात कायद्याला निबंध म्हणत. मुलीला बारा पुरी व्हायला हवीत. आमच्याकडे ती पुरी झाल्याबरोबर लग्न लावलं, काकूंच्या हिशेबाने तेराव्या वर्षी. म्हणजे महाराजांचे दोन्ही निबंध पणजोबांनी अक्षरशः पाळले, एक इंचही जास्त नाही.

ती शिकली, मास्तरीण झाली, आणि कडी प्रांतात मुलींच्या शाळेवर गेली. बदल्या झाल्या त्याही तिकडेच. दिवाळीला मनिऑर्डर यायची. आजी सही करून घ्यायची. "घरात तिचं नाव घ्यायची बंदी नव्हती हं," काकू म्हणाल्या. "पण कुणी घेत नसे."

"आणि नवरा?"

"कागद करून मोकळी झाली. महाराजांनी तो कायदा केला ना, त्यानंतर."

बडोदे राज्याचा हिंदू घटस्फोटाचा निबंध १९३१ चा. बाकीच्या बहुतेक देशात हिंदू स्त्रीला कायद्याने ही वाट मोकळी व्हायला १९५५ चा कायदा यावा लागला. सयाजीराव गेले १९३९ च्या फेब्रुवारीत, घंगाळ आलं त्याच्या पुढच्या वर्षी. मला त्या कासाराचं दुकान डोळ्यांपुढे येतं. नाव काय घालू, बेन? सौभाग्यवती? नाही. गंगास्वरूप? नाही. मग नुसतं नाव घालायला तो कुरकुरला असेल का, की ठिपके कमी पडले म्हणून खूश झाला असेल?

"तुम्ही पाहिलंत तिला?"

"एकदाच. आमच्या लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील. दुपारची वेळ. ओट्यावर एक बाई येऊन बसल्या. पांढरी साडी, पदर गुजराती, उजव्या खांद्यावरून पुढे. सासूबाई माजघरातून बाहेर आल्या आणि दोघी नुसत्या बसल्या. मी चहा नेला. आत आल्यावर विचारलं, कोण? तर म्हणाल्या, शाळेतल्या बाई."

"बोलल्या काही तुमच्याशी?"

काकू हसल्या. "कप घेताना विचारलं, घंगाळ वापरता ना गं? मी म्हटलं, हो, रोज. मला काय माहीत कुठलं, कुणाचं. ह्यांच्या आंघोळीचं पाणी त्यातच असायचं. तर म्हणाल्या, बरं."

ओट्यावर बसलेल्या दोन बायका मला त्या दिवसापासून सोडत नाहीत. शंभर पाहुण्यांना खलबत्ता दाखवणाऱ्या घरात.

परवा कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी माहितीचा फॉर्म आला. यंदा मुलींचीही पूर्ण माहिती घेणार आहेत, चांगली गोष्ट आहे. आधीच्या आवृत्तीतल्या चुका दुरुस्त करायलाही एक पान आहे. खलबत्त्याचं मी त्यात काही लिहिलं नाही. ती गोष्ट कुलवृत्तांतात छापलेलीच नाही, आणि पाडव्याला भाऊ ती भाच्याच्या मुलीला सांगतो तेव्हा मलाही ऐकायला आवडते. घंगाळ भाच्याने अलकापुरीतल्या फ्लॅटमध्ये नेलं. त्यात मनी प्लांट लावलाय. पाणी साठू नये म्हणून बुडाला भोक पाडलं, ते नेमकं विसनगरच्या शिक्क्यातून गेलं. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. तो म्हणाला, "सॉरी आत्या, पण लेख वरच्या बाजूला आहे, तो दिसतो."

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. काकूंना विचारलं होतं, त्या म्हणाल्या, "पुस्तकात घाल, मोबाइलवर नको." मला ते पटलेलं नाही, पण अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी सांगितलंय तर ऐकते.

दुरुस्तीचं पान भरायला मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. 'अल्पवयात निवर्तली' खोडायचं, हे ठरलेलं. पुढचे रकाने: कन्येचे माहेरचे नाव. विवाहोत्तर नाव. पतीचे नाव. सासरचे आडनाव व गाव. सौभाग्यवती की वैधव्य, त्यावर खूण. पहिल्या रकान्यात मी नाव लिहिलं आणि पेन थांबलं.

"पुढे काय लिहू?"

काकूंनी फॉर्म डोळ्यांजवळ धरून सगळे रकाने वाचले, मग परत दिला.

"घंगाळावर आहे तेवढंच लिही."